पेजेची शिडी

बायको गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी चंद्रपुरात एका कॉलेजात काचेची भांडी धुवायच्या कामाले लागलो. तोवर सारी जिंदगी पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात गेली होती. तलावात जाळं टाकायचं, रोवणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवायचा, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची. शाळा चौथीपर्यंत झाली. बायको होती तोवर घर होतं. ती गेल्यावर चार भिंती अन् एक चूल उरली. लेक चंद्रपुरात दिली आहे. ती म्हणाली, "बाबा, इथी या. तिथी एकटे बसून तुमी भिंतीशी बोलून राह्यले, लोक सांगतात मले." लोक खरंच सांगत होते. मी आलो. पण लेकीच्या घरी बसून खाणं मले जमत नाई, म्हणून जवळच वेगळी खोली घेतली अन् हे काम धरलं.

कामाले लावताना तिथल्या मोठ्या मॅडमनं विचारलं, "भांडी घासता येतात का?"

मी म्हणालो, "बायको वर्षभर अंथरुणात होती. सारंच येते."

मॅडम दुसऱ्या दिवसापासून या म्हणाल्या.

भांडी घासायचं मी बायकोकडूनच शिकलो, ते बी तिच्या आजारात. ती बाजेवर पडून हुकूम सोडायची. भाताचा गंज असा धरा, गडव्याच्या गळ्यात बोट घाला, राख एवढी कशाले घेता. मी घासून आणलं की उलटंपालटं करून पाहे अन् म्हणे, "तुमच्या हातचं भांडं म्हणजे मांजरानं चाटलेलं." तिचा एक नियम होता. ओलं भांडं मांडणीवर चढवायचं नाई. थेंब वाळला की डाग राह्यते, अन् डागाचं भांडं तिच्या लेखी खरकटंच. धुतलं की लगेच सुती फडक्यानं आतून-बाहेरून पुसायचं. मरायच्या आठ दिवस आधी बी तिनं एक गडवा परत पाठवला होता.

कॉलेजातलं काम म्हणजे बाटल्या, बीकर, अन् करंगळीएवढ्या काचेच्या कुप्या. या कुप्या एका पोरीच्या होत्या. पोरगी आरमोरीकडची, बाप भाताचा शेतकरी, ही पीएचडी करून राह्यली होती. मले पहिल्याच दिवशी तिनं भाऊ म्हटलं अन् नियम सांगितले. साबण वापरायचा नाई. आधी नळाचं पाणी, मंग त्या पांढऱ्या डब्यातलं शुद्ध पाणी तीन वेळा. मंग कुप्या उलट्या ठेवून ओव्हनमध्ये वाळवायच्या.

"पुसायच्या नाई?" मी विचारलं.

"नाई भाऊ. ओव्हन वाळवते ना."

मले ते पटलं नाई. पण नवीन माणसानं बोलू नये, म्हणून गप्प राह्यलो.

आता त्या पोरीचं काम सांगतो. समजायले मले चार महिने लागले, तुमाले चार ओळींत सांगतो.

आपल्या रक्तात प्रथिनं असतात. त्यांच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या लटकलेल्या असतात, मण्याले मणी जोडल्यासारख्या. शुगरच्या बिमारीवाली साखर ती वेगळी, ही वेगळी. माणूस आजारी पडला की या साखळ्यांची ठेवण बदलते. एखादा मणी कमी होते, एखादा जास्त. आमच्या इकडे सिकलसेल, हा रक्ताचा आजार, घरोघरी आहे. एका घरात दोन भाऊ, दोघांले तोच आजार. एकाचे हातपाय असे ठणकतात की तो लोळते, दुसरा सायकल चालवत फिरते. असं काऊन? दुखणं उठायच्या आधी रक्तात काई दिसते काय? ती ह्या साखळ्यांत ते शोधून राह्यली होती. सापडेलच असं ती कधी म्हणाली नाई. "शोधून राह्यलो भाऊ," एवढंच म्हणे.

रक्त तिनं स्वतः फिरून जमवलं होतं. धानोरा, एटापल्ली, कुठी कुठी. दवाखान्याच्या गाडीत बसून गेली, जिथी गाडी जात नाई तिथी पायी गेली. एकदा मले म्हणाली, "धानोऱ्याच्या एका म्हातारीनं विचारलं, पोरी, माझं रक्त नेऊन तू काय करशील? मी म्हटलं, आजी, पाहीन. तर म्हणे, नीट पाह्यजो, मी पुन्हा देणार नाई." हे सांगताना हसली, पण ते रक्त ती कसं जपे ते मी पाहिलं आहे. बर्फाच्या कपाटात एक डबा होता. त्यात सगळ्यांच्या नळ्या, दर नळीत थोडं थोडं. एकदा वितळवलं की परत गोठवून चालत नसे. म्हणून मोजून काढे. त्यातली दोघं-तिघं माणसं तर आता हयात बी नव्हती.

अडचण अशी की रक्तात या साखळ्या फार कमी अन् बाकी माल फार. प्रथिनांचे तुकडे, मीठ, काय काय. साखळ्यांचं वजन करून त्या ओळखणारं मशीन नागपूरले आहे. त्यात सगळंच एकदम टाकलं तर मीठ अन् कचरा एवढा गलका करते की साखळ्यांचा आवाजच येत नाई. आधी साखळ्या वेगळ्या काढायले पायजेत. त्यासाठी तिनं काळी भुकटी बनवली होती.

ही भुकटी बनवताना मी पाहिली. लोखंडाची, पण गंजासारखी नाई. एकेक कण केसाच्या जाडीच्या हजारो भागातला एक. त्या कणाले वरून असा लेप दिलेला की त्याले साखर भावते, बाकी काई भावत नाई. पाण्यात टाकली तर पाणी काजळीसारखं काळं. अन् मंग तिनं कुपीच्या बाजूले एक चुंबक धरला. माझ्या डोळ्यांदेखत ती काळी शाई एका बाजूले सरकली, काचेले चिकटून बसली, अन् उरलेलं पाणी नितळ. मी जन्मभर पाण्यात काम केलं, गढूळ पाणी असं बसताना कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "बाई, परत कर."

तिनं चुंबक काढला, कुपी हलवली, पुन्हा काळं. पुन्हा लावला, पुन्हा नितळ. तीनदा करून दाखवलं. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, काका, काम करा आपलं.

"एवढी बारीक काऊन करता?" मी विचारलं.

ती समजावू लागली, कण बारीक असले की त्यांले बाहेरचं अंग जास्त मिळते, चिकटायले जागा जास्त. मी म्हणालो, "समजलं. दोरखंडानं मासा धरत नाई. तेच दोरखंड उसवून त्याचं सूत काढलं अन् विणलं, तर जाळं होते. वजन तेवढंच."

ती माझ्याकडे पाहतच राह्यली. मंग वही काढली अन् लिहून घेतलं. मले लाज वाटली, पण बरं बी वाटलं. बायको गेल्यापासून माझं बोलणं कोणी लिहून घेण्यासारखं धरलं नव्हतं. ती होती तेव्हा बी नव्हतं धरलं, ते वेगळं.

तर साखळ्या भुकटीले चिकटल्या, बाकी माल चुंबक धरून ओतून दिला, भुकटी धुतली, अन् शेवटी पाण्यानं साखळ्या सोडवून घेतल्या. ते पाणी कुपीत भरायचं, बर्फात ठेवायचं अन् नागपूरले न्यायचं. तिथी लोखंडी पाटीवर थेंब वाळवतात, त्याच्यावर उजेडाचा मारा करतात. साखळ्या उडतात अन् एका पोकळ नळीतून पळतात. हलकी आधी पोचते, जड मागून. किती वेळात पोचली त्यावरून वजन. तराजू म्हणतात पण ती शर्यत आहे.

पहिल्या वेळेले ती नागपूरहून आली तेव्हा तिचा चेहरा मले आठवते. कागदावर नुसत्या उभ्या रेघा, पण ती त्यांच्यावर बोट ठेवून नावं घेत होती, जशी एखादी बाई मांडवात आलेले पाहुणे ओळखते. भुकटी नसताना त्यातल्या अर्ध्या रेघा दिसतच नव्हत्या म्हणे. मोठ्या मॅडम बी खूष झाल्या.

मंग हिवाळ्यात ओव्हन बिघडला. दुरुस्तीवाला आज येतो उद्या येतो करत होता. मी कुप्या धुवून उलट्या ठेवू लागलो. सकाळी पाहावं तर काचेत थेंब तसेच, काई वाळून त्यांचे गोल डाग. ते डाग पाहून मले बायकोचा आवाज ऐकू येई. मांजरानं चाटलेलं. एवढ्या कष्टाचं त्या पोरीचं काम, अन् मी तिले असली भांडी देऊ?

बायकोचे सारे कपडे रीतीप्रमाणे देऊन टाकले होते. एक लुगडं मी ठेवलं होतं. कोणाले सांगितलं नव्हतं, लेकीले बी नाई. रविवारी ते मी धुवायचो, अन् खळ घालायचो. तिले लुगडं कडक लागे. भात शिजला की पेज काढायची, थोडी आमी प्यायचो, थोडी ती गाडग्यात ठेवायची. दोन दिवसांत आंबली की पाण्यात पातळ करून लुगडं त्यात बुचकळायची. वाळलं की पापडासारखं उभं राही. एवढी खळ कशाले म्हटलं की म्हणे, "माणूस बिनखळीचा मिळाला, लुगडं तरी ताठ असू द्या." खळ नसली तर ते लुगडं नुसतं फडकं वाटे मले. तिच्या अंगावरचं वाटत नसे.

त्या लुगड्याचा एक वीतभर पट्टा मी फाडला. फाडायले जड गेलं. पण वाटलं, चांगल्या कामाले लागते आहे. बांबूची बारीक कमची घेतली, तिच्या टोकाले तो पट्टा गुंडाळला, अन् एकेक कुपी आतून पुसली. काच अशी चमकली की मीच खूष. दर रविवारी तो पट्टा बी बाकी लुगड्यासोबत धुवून पेजेत बुडवायचो. पोरीनं एकदा कुपी उजेडाले धरली अन् म्हणाली, "भाऊ, काय चकाचक हो!" मी कमचीबद्दल बोललो नाई. सांगायचं राह्यलं असं नाई. मनात कुठंतरी माहीत होतं की ती नको म्हणेल.

पुढच्या खेपेले ती नागपूरहून आली ती तडक टेबलाशी. कागद टेबलावर पसरला. तिच्या ओळखीच्या रेघा होत्या, पण त्यांच्या मधून दुसऱ्याच रेघा उभ्या होत्या, सारख्या अंतरावर, एकामागून एक, खालून वरपर्यंत. काई तर तिच्या साखळ्यांपेक्षा उंच.

"हे काय आहे, बाई?"

"शिडी," ती म्हणाली. "पाहा, दर पायरी एकशे बासष्टची. साखरेच्या एका मण्याचं वजन एकशे बासष्ट. कुठून तरी साधी साखर आली आहे, मण्याले तोच मणी, लांबच लांब."

तिनं पुन्हा केलं. पुन्हा शिडी. मंग तिनं जे केलं ते मी सारं पाहिलं, अन् खरं सांगतो, त्याच्यासाठीच मी हे लिहायले बसलो. ती रडत बसली नाई, कोणावर डाफरली नाई. वहीत यादी केली. हातमोज्यांची पावडर असेल, मोजे बदलले. गाळायचा कागद असेल, कागद सोडला. मॅडमनं टोमणा मारला, "डबा कुठे खातेस तू?" तर तिनं डबा खाली व्हरांड्यात नेला, पावसाळी हवेत बी तिथंच बसून खाल्ला. एका वेळेले एकच गोष्ट बदलायची, बाकी सारं तसंच ठेवायचं, अन् परत नागपूर. एसटीनं सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. शिडी तशीच.

तोवर उन्हाळा होऊन पाऊस लागला होता. ओव्हन केव्हाचा दुरुस्त झाला होता, पण मले पुसायची सवय लागली होती, अन् ओव्हनमधून काढल्यावर बी मी एक हात फिरवतच होतो.

शेवटी तिनं रक्तच टाकलं नाई. नुसतं शुद्ध पाणी घेतलं, त्याच्यावर भुकटी, चुंबक, सारं तसंच केलं, अन् ते नेलं. त्या पाण्यात बी शिडी निघाली.

त्या दिवशी ती आली अन् स्टुलावर बसली. "भाऊ, आता एक नक्की झालं. ही साखर रक्तातली नाई. ती इथली आहे, ह्या खोलीतली. स्टार्च असेल. तांदूळ, मका, बटाटा, असं काईतरी."

तांदूळ म्हटल्यावर मले रविवारचं पेजेचं गाडगं आठवलं.

मी बोललो नाई. इतका तोंडाचा फाटका माणूस मी, सरपंचाले तोंडावर चोर म्हणणारा, पण त्या दिवशी भांडी तशीच टाकून निघालो. घरी गेलो, जेवलो नाई. बोललो तर काम जाईल याची भीती नव्हती. भीती ही होती की ती पोरगी लुगड्याकडे एक घाण फडकं म्हणून पाहील. अन् चूक होती ती माझी, लुगड्याची नाई.

दुसऱ्या दिवशी मॅडम तिच्याशी बोलत होत्या, मी बाजूच्या मोरीत होतो. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या त्या कणांतच दोष असेल. लेपातूनच साखर सुटत असेल. सोडून दे ती भुकटी. उरलेलं रक्त जुन्या पद्धतीनं कर अन् जे मिळेल ते लिही."

"मॅडम, जुन्या पद्धतीत अर्ध्या साखळ्या दिसत नाहीत."

"पण शिडीही दिसत नाही ना? उरलेल्या नळ्या एकदाच पुरतील. त्या या भुकटीवर वाया घालवणार आहेस का?"

पोरीनं वही मिटली. थोड्या वेळानं तिनं बर्फाचं कपाट उघडलं अन् तो डबा बाहेर काढला. धानोऱ्याच्या, एटापल्लीच्या माणसांचं रक्त. ती म्हातारी पुन्हा देणार नव्हती. अन् भुकटीत काई खोट नव्हती. उलट ती इतकी चोख होती की फडक्यानं काचेवर सोडलेला पेजेचा लवलेश बी तिनं वेचून आणला होता. मी तोंड बंद ठेवलं म्हणून भुकटीले बट्टा लागत होता.

मी मोरीतून बाहेर आलो, हात ओलेच. "बाई, डबा आत ठेव. नळ्या वितळवू नको."

"काऊन भाऊ?"

मी खिशातून पट्टा काढला अन् टेबलावर ठेवला. "ह्याच्यानं मी कुप्या पुसतो. आतून. हिवाळ्यापासून. ह्याले पेजेची खळ आहे."

ती एकदा पट्ट्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राह्यली. "तुमाले पुसू नका म्हटलं होतं मी."

"म्हटलं होतं."

"सहा महिने, भाऊ! सहा महिने मी एसटीत बसून राह्यली! व्हरांड्यात डबा खाल्ला मी, पावसाचे शिंतोडे खात!"

"शिव्या दे," मी म्हणालो. "मोठ्यानं दे. पण भुकटी सोडू नको."

तिनं डबा आधी परत कपाटात ठेवला, दार लावलं. मंग विचारलं, "खळ कोण घालते कपड्याले आता?"

तेव्हा मले सांगावं लागलं की लुगडं कोणाचं. जास्त नाई बोललो. दोन वाक्यं. ऐकून तिचा आवाज खाली आला. पण तिनं काई असं म्हटलं नाई की जाऊ द्या भाऊ, होतं असं. तिनं चिमटा घेतला, एक कात्री घेतली, अन् म्हणाली, "एक धागा कापू काय?"

"कशाले? मी कबूल केलं ना?"

"तुमी म्हणता म्हणून नाई मानणार मी. तुमच्या फडक्याचीच शिडी आहे हे दिसलं पायजे. नाहीतर मी उगीच तुमच्या डोक्यावर टाकीन अन् खरं कारण दुसरंच निघेल."

मले आयुष्यात लोकांनी पुष्कळ दोष दिले. कोणी देण्याआधी तपासून नाई पाहिला. ह्या पोरीनं माझा कबूल केलेला गुन्हा बी तपासायले घेतला.

एक धागा तिनं शुद्ध पाण्यात भिजवला, तेच पाणी भुकटीवरून नेलं. दुसरीकडे नव्या कोऱ्या कुप्यांत, ज्यांले माझं फडकं लागलं नव्हतं, नुसतं पाणी घेतलं. दोन्ही नागपूरले नेलं. संध्याकाळी फोन आला. "भाऊ, धाग्याच्या पाण्यात शिडी आहे, तीच, पायरीले पायरी. कोऱ्या कुपीत काईच नाई." मंग जरा थांबून म्हणाली, "काकूची पेज मशीनले दिसली."

मी फोन ठेवला. बाहेर जाऊन बसलो. एका धाग्याले लागलेली पेज, अन् ती ओळखणारं कोणी जगात आहे, हे मले खरंच वाटेना. पण पेज मीच शिजवली होती. बायकोची होती ती रीत.

मॅडमले तिनं सारं सांगितलं. मॅडम मले म्हणाल्या, "काका, तुम्हाला काढायला हवं." मी म्हणालो, "काढा." पोरगी मधे पडली. "मॅडम, आता ह्यांच्याइतकं चांगलं कोणीच धुणार नाई. दुसरा माणूस आला तर तो बी काईतरी करेल अन् सांगणार बी नाई." मॅडमनं मले ठेवलं. पट्टा मी घरी नेला. लुगडं आता बिनखळीचंच आहे, पेटीत.

शेवटच्या खेपेसाठी सगळ्या कुप्या नवीन. तरी मी त्या धुतल्या, शुद्ध पाण्यानं तीन वेळा मोजून, ओव्हनमध्ये उलट्या ठेवल्या, अन् हात मागे बांधून उभा राह्यलो. थेंब दिसला तरी हात लावला नाई. तिनं नळ्या वितळवल्या. आता परत गोठवणं नव्हतं. दिवसभर ती उभ्यानं काम करत होती, एकेकीवर भुकटी, एकेकीले चुंबक, काळं पाणी नितळ होताना मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मन भरलं नाई.

नागपूरले ह्यावेळी मले बी नेलं, बर्फाची पेटी धरायले. मशीन कपाटाएवढं, पांढरं, एका थंड खोलीत. चालवणारे साहेब म्हणाले चप्पल बाहेर काढा, देवळात काढतात तशी मी काढली. पाटी आत गेली. पोरगी पडद्यासमोर बसली. तिले पडद्यावरून नजर काढायची नव्हती. वही तिनं माझ्याकडे दिली. "भाऊ, मी सांगते ते आकडे लिहा."

मी लिहायले लागलो. "चौदाशे पंच्याऐंशी दशांश पाच," ती म्हणाली. लिहिलं. "सोळाशे सत्तेचाळीस दशांश सहा." लिहिलं, अन् शिडीच्या धास्तीनं त्यातून वरचा आकडा वजा केला. मी पेन खाली ठेवला.

"बाई, थांब."

"काय झालं?"

"हे पाहा. एकशे बासष्ट. शिडी आहे ही. माझी शिडी आहे, मी काईतरी केलं पुन्हा."

तिनं वहीत पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, अन् पहिल्यांदा त्या दिवशी हसली. "भाऊ, वजाबाकी केली काय तुमी?"

"हसू नको, सांग."

"हा एकशे बासष्ट शरीराचा स्वतःचा आहे. साखळीच्या टोकाले एक मणी लागला की तेवढंच वजन वाढते. पुढचा लिहा, अठराशे नऊ. आता त्याच्यापुढं पाहा. आहे काय पायरी?"

नव्हती. तिसऱ्या पायरीवर संपलं होतं. शिडी अशी थांबत नाई, ती चढतच जाते.

"तुमचं मन मानत नाई ना?" ती म्हणाली.

"नाई."

"माझं बी नाई," ती म्हणाली अन् साहेबांकडे वळली. "सर, भुकटीवरून नेलेल्या नुसत्या पाण्याचा थेंब आधी घ्या. तो पाहिल्याशिवाय पुढचं नको."

साहेबांनी पाटी सरकवली. आम्ही दोघं पडद्याकडे पाहत राह्यलो. बारीक टकटक आवाज येत होता. पडद्यावर खाली एक रेघ उमटत गेली, डावीकडून उजवीकडे, सपाट, पहाटे वारा नसताना तलाव दिसते तशी. कुठी पायरी नाई, कुठी काई नाई. मी डोळे पुसले. पोरीनं माझ्याकडे पाहिलं नाई, मुद्दामच नाई पाहिलं.

"लिहा भाऊ," ती म्हणाली. "पाणी, कोरं."

मी लिहिलं. मंग तिनं धानोऱ्याच्या म्हातारीच्या नळीचा नंबर वाचला, अन् मी नवीन पान काढलं.